बाहुलीमागचा हात

महेश कोठारे यांचा ‘झपाटलेला’ (१९९३) आपण करमणुकीच्या कप्प्यात टाकून मोकळे झालो. त्यात एक गंभीर प्रश्न दडलेला होता, हे आज ध्यानी येते. लक्ष्मीकांत बेर्डे यांनी रंगवलेला लक्ष्या हा शब्दभ्रमकार. बाहुलीला बोलके करणे हाच त्याचा व्यवसाय. पण तात्या विंचू त्याच्या हाताविना बोलू लागतो आणि लक्ष्याचे कोणी खरे मानत नाही. हसता हसता प्रेक्षक दचकतो, तो नेमका तेथे.

ही बाहुली रामदास पाध्ये यांची. त्यांच्या वडिलांनी, यशवंत पाध्ये यांनी, रंगमंचावर आणलेले अर्धवटराव मात्र वेगळ्या कुळीचे. ते मालकाची टर उडवतात, त्याला चारचौघांत खोटे पाडतात. परंतु शेजारी बसलेला माणूस आपल्याला सतत दिसत असतो. शब्दांची जबाबदारी कोणाची, याविषयी शंका उरत नाही. भ्रम आहे, फसवणूक नाही. या कलेची सारी नीतिमत्ता यातच आहे.

मोबाइलवरील बोलक्या यंत्रमित्रांना हीच कसोटी लावून पाहावी. तेथे हात दिसत नाही. १९६६ साली जोसेफ वायझेनबॉम यांनी अमेरिकेत ‘एलायझा’ हा संवादी प्रोग्रॅम प्रसिद्ध केला. तो बहुधा समोरच्याचेच वाक्य प्रश्नरूपाने परत करी. तरीही त्यांच्या सेक्रेटरीने त्याच्याशी बोलताना त्यांनाच खोलीबाहेर जाण्यास सांगितले! तो प्रोग्रॅम घडताना तिने पाहिला होता, हे विशेष. आजचे यंत्र कितीतरी चतुर, शिवाय होकार भरण्यात तत्पर. अर्धवटरावांचा फटकळपणा त्याच्यापाशी नाही.

आमच्या धाराशिव जिल्ह्यात, कळंब-वाशी-भूमकडे, आईवडील ऊसतोडीला गेले की कित्येक मुले आजीपाशी राहतात. ‘आई कधी येणार?’ असे मुलाने यंत्राला विचारले, तर उत्तर तत्काळ आणि गोड मिळेल. आजी चूल सारवता सारवता म्हणेल, ‘कारखान्याचा पट्टा पडला की येईल, झोप आता.’ त्या त्रासिक उत्तरामागे तीही लेकीसुनेची वाट पाहत असते. यंत्राला वाट पाहता येत नाही. यंत्र ही व्यक्ती आहे असे भासवू नये, असे व्हॅटिकनने २८ जानेवारी २०२५ च्या टिपणात बजावले आहे.

‘झपाटलेला’मध्ये बाहुली भयंकर ठरते, ती गुंडाचा आत्मा शिरल्यामुळे. कथेची मर्यादा मला येथे जाणवते. यंत्रमित्राच्या आत कोणीच नसते. त्यामुळे बाहुली नष्ट करून सुटका करून घेण्याची सोयही नाही. २०१३ च्या दुसऱ्या भागात तात्या विंचू त्रिमितीत आला, विचार मात्र होता तेथेच राहिला.