अपुऱ्या गोष्टीचे देणे

सहामाहीच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा पुढ्यात घेऊन मी बसलो होतो आणि पलीकडे माझा भाचा संगणकावर खेळत होता. सुट्टी लागली की तो भांडुपला आमच्याकडे येतो. टेंभीपाड्यातल्या आमच्या दोन खोल्यांत एकाचे काम आणि दुसऱ्याची करमणूक यांत जेमतेम हातभर अंतर राहते. रात्री अकराच्या सुमारास त्याने एकाएकी हात खाली टाकले आणि माझ्याकडे वळून विचारले, "मामा, एवढंच?"

"काय एवढंच?"

"गोष्ट. संपली म्हणतात. पण ती संपलेलीच नाही."

गोष्ट अपुरी राहिल्याची तक्रार एखाद्या खेळाविषयी होऊ शकते, हे मला नवे होते. आमच्या वेळी लगोरी फुटली, रचली, की डाव संपे. लगोरीचे पुढे काय झाले असे कोणी विचारीत नसे. मी उत्तरपत्रिका बाजूला सारल्या आणि त्याच्याकडून सारा खेळ समजून घेतला. जे समजले ते येथे मांडतो आहे, कारण त्या "एवढंच?" ने माझीच एक जुनी थकबाकी उकरून काढली.

खेळाचे नाव 'राजी : ॲन एन्शंट एपिक'. तो आपल्या पुण्यात, 'नॉडिंग हेड्स गेम्स' नावाच्या लहानशा संस्थेत घडला आणि 2020 साली बाहेर आला. राजी ही सर्कशीत कसरती करणारी पोरकी मुलगी. असुर तिच्या धाकट्या भावाला, गोलूला, पळवून नेतात आणि ती त्याच्या शोधात निघते. दुर्गेचा त्रिशूळ तिच्या हाती येतो, पुढे विष्णूचे धनुष्यही येते. ही सारी कथा दुर्गा आणि विष्णू एकमेकांशी बोलत बोलत सांगतात. राजस्थानी वाड्यांचे सज्जे, पहाडी शैलीतल्या चित्रांचे रंग, भिंतींवर रंगवलेल्या पुराणकथा अशी मांडणी आहे. मधूनमधून कथा छायाबाहुल्यांच्या रूपाने पुढे सरकते, तेव्हा कुडाळजवळच्या पिंगुळीच्या ठाकरांचा चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ आठवावा. त्या वर्षीच्या 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये उत्तम पदार्पणाच्या पारितोषिकासाठी ज्या पाच खेळांची नावे पुढे आली, त्यांत हा एक होता. भारतीय खेळाला असा मान क्वचितच मिळालेला आहे.

आणि तरीही देशोदेशीच्या खेळणाऱ्यांची तक्रार माझ्या भाच्याच्याच शब्दांत होती. एवढंच? पाचसहा तासांत खेळ आटोपतो, लढाया अवघडल्यासारख्या वाटतात, आणि शेवट तर असा येतो की, बुवांनी आख्यान ऐन रंगात आणावे आणि एकदम आरतीचे ताट फिरवावे!

अशा वेळी कर्त्याने काय करावे? प्रश्न काही आजचा नाही. हरिभाऊ आपट्यांनी 1890 साली 'करमणूक' सुरू केले आणि 'पण लक्षात कोण घेतो' त्यातून क्रमशः छापली. वाचकाच्या हाती गोष्ट अशी तुकड्यातुकड्याने, कर्त्याची लेखणी अजून ओली असतानाच पडू लागली. त्याच हरिभाऊंची 'सूर्यग्रहण' मात्र अपुरीच राहिली. तिकडे डिकन्सने 1861 साली एका मित्राच्या सल्ल्यावरून 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स'चा आधी लिहिलेला शेवट बदलला. त्याने बरे केले की वाईट, यावर विद्वान अजून भांडतात. वाचकाचे ऐकावे तर कणा नाही म्हणतात, न ऐकावे तर माज आला म्हणतात.

माझ्या मते गोंधळ होतो तो सगळ्या टीकेला एकाच तागडीत घातल्यामुळे. टीका तीन जातींची असते. पहिली हाताची. पायरीवर उडी नीट बसत नाही, वार चुकतो, तपशील खोटा आहे. ही टीका मुकाट्याने मान्य करावी आणि चूक दुरुस्त करावी. तिथे कलेचे स्वातंत्र्य वगैरे बोलू नये. दुसरी उणिवेची. जे कबूल केले ते दिले नाही. इथे प्रांजळपणे कबुली द्यावी, आणि कधी देणार ते सांगता येत असेल तर सांगावे. तिसरी जात अवघड. ती म्हणजे गोष्टीनेच वेगळे वळण घ्यायला हवे होते अशी टीका. अशा वेळी खेळणाऱ्याचे दुखणे खरे मानावे. पण त्याने सुचवलेले औषध खरेच मानावे असे नाही. पोटात दुखते हे रोग्याला वैद्यापेक्षा अधिक कळते. कोणती मात्रा उगाळायची ते मात्र वैद्याने ठरवायचे.

याची दोन उदाहरणे परदेशातली आहेत. कॅनडातील 'बायोवेअर' संस्थेच्या 'मास इफेक्ट 3' या खेळाच्या शेवटावर 2012 च्या मार्चमध्ये खेळणारे एवढे संतापले की जूनमध्ये संस्थेने वाढीव शेवट फुकट दिला. तिने मूळ निकाल फिरवला नाही. जे घाईत झाकले गेले होते ते उलगडून सांगितले. बेल्जियमच्या 'लॅरियन'ने त्याहून धाडस केले. 'बाल्डर्स गेट 3' चा केवळ पहिला अंक तिने 2020 च्या ऑक्टोबरमध्ये, अपुरा आहे असे सांगूनच विकायला काढला. पुरा खेळ 2023 च्या ऑगस्टमध्ये आला. मधल्या जवळजवळ तीन वर्षांत खेळणारे बोलत राहिले आणि कर्ते ऐकत राहिले. विल नावाचा एक सोबती तर त्यांनी मुळापासून नव्याने लिहिला. पुढे कार्लाक या पात्राला न्याय मिळाला नाही अशी हाकाटी झाली, तेव्हा तिच्या शेवटात भर घातली आणि वर्ष सरण्याच्या आत उपसंहारही जोडला. अपुरे आहे हे आधीच सांगितल्यामुळे तिथे टीका ही भांडण न राहता कामाचा भाग झाली.

आता या कसोटीवर पुणेकरांना लावू. त्यांनी 2022 साली 'राजी'ची सुधारलेली आवृत्ती काढली. लढाया नव्याने बसवल्या, आणि देवादिकांच्या तोंडी हिंदी संवाद आले. हा बदल मला सर्वांत मोलाचा वाटतो. दुर्गा आणि विष्णू आपसांत इंग्रजी बोलतात, हे ऐकताना आपल्या माणसाच्या कानाला जे खटकत होते, ते कर्त्यांच्या कानापर्यंत पोचले. लहान संस्थेने, तुटपुंज्या बळावर, प्रसिद्ध झालेल्या कामाकडे पुन्हा वळून पाहावे ही सोपी गोष्ट नाही. पहिल्या जातीच्या टीकेला त्यांनी उत्तर दिले, आणि चोख दिले.

पण माझा भाचा खेळला ती हीच सुधारलेली आवृत्ती, आणि तरी त्याच्या तोंडून "एवढंच?" आलेच. म्हणजे गोष्टीचे देणे राहिले. कोणी म्हणेल, कथा टांगून ठेवणे ही तर जुनी कला आहे. कीर्तनकारही उद्याचे आख्यान राखून ठेवतो. खरे आहे. पण उद्या पुन्हा त्याच देवळात कीर्तन आहे हे श्रोत्याला ठाऊक असते. शिवाय खेळणारा हा नुसता श्रोता नसतो. भाऊ शोधायला राजी गेली असे भाचा म्हणत नव्हता. "मी गेलो" असे म्हणत होता. कड्यावरून तो पडला होता, वार त्याने सोसले होते. कादंबरी अपुरी राहिली तर वाचकाचे कुतूहल अपुरे राहते. असा खेळ अपुरा राहिला तर त्याचे श्रम अपुरे राहतात. म्हणून त्याची तक्रार अधिक कडवट असते, आणि माझ्या मते तिचा अधिकारही मोठा असतो. 2025 मध्ये 'राजी : कलियुग' या पुढील भागाची घोषणा झाली, ती त्या देण्याची निदान लेखी कबुली आहे. पहिल्या भागाचा ऋणको कोण, हे पुढच्या भागाने विसरू नये, एवढेच मागणे.

हे मी मास्तरकीच्या तोऱ्यात लिहीत नाही. काही वर्षांपूर्वी एका साप्ताहिकात माझी कादंबरी क्रमशः येत होती. आमच्याच आळीत कारखान्यातून निवृत्त झालेले एक काका राहत. ते दर आठवड्याला कात्रण घेऊन येत. एकदा म्हणाले, "मास्तर, तुमची ती बाई दुसऱ्या पाळीला जाते, मग घरी दहाला कशी पोचते? दुसरी पाळी सुटतेच अकरानंतर." मला राग आला. मग ते चाचरत म्हणाले, "आणि तिच्या धाकट्या भावाला तुम्ही चौथ्या प्रकरणात गावी धाडलंत. त्याचं पुढे काय?" भावाला मी खरोखर विसरलो होतो. तसे कबूल करण्याऐवजी मी म्हटले, "काका, कादंबरी माझी आहे. मला ठरवू द्या."

"हो, हो, तुमचीच," असे म्हणून ते उठले. पुन्हा आले नाहीत. पुढे साप्ताहिक बंद पडले आणि कादंबरी एकोणिसाव्या प्रकरणावर थांबली. काका कोकणात गावी गेले, तिथेच वारले. त्यांच्या मुलाने नंतर कात्रणांची शिवलेली वही माझ्या हाती आणून दिली. पाळीची वेळ त्यांनी पेन्सिलीने दुरुस्त केली होती. आणि चौथ्या प्रकरणानंतर प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी, समासात, एकच शब्द होता : "भाऊ?"

पंधरा वेळा लिहिलेला तो शब्द मी मोजला आहे. ती टीका नव्हती असे मी कित्येक वर्षे स्वतःला समजावत आलो. भाच्याने हात खाली टाकले तेव्हा कळले की याहून सच्ची टीका माझ्या वाट्याला आलेली नाही. ज्याला गोष्टीची पर्वा नसते तो तक्रार करीत नाही, तो दुसरे काही वाचायला घेतो.

उत्तरपत्रिका तपासून झाल्या आहेत. भाऊबीजेला बहीण यायची आहे, तोवर चार दिवस मोकळे आहेत. काकांची वही समोर ठेवून मी विसावे प्रकरण लिहायला बसलो आहे. बाई अकरानंतरच घरी पोचते, आणि दाराशी तिचा धाकटा भाऊ बसलेला आहे.