दुकानावरील बिऱ्हाड आणि पुढची पडवी : व्हिक्टोरियन इमारत-ओळीविषयी काही विचार

इंग्रजीतील ‘टेरेस’ हा शब्द मराठीत रूढ झाला तो गच्चीच्या अर्थाने. त्यामुळे व्हिक्टोरियन काळातील ‘टेरेस’ म्हणजे सामाईक भिंतींनी जोडलेली, एकाच मापाच्या दर्शनी भागाची घरांची ओळ, हे आपल्या विद्यार्थ्यांना दरवेळी समजावून सांगावे लागते. हा केवळ कोशातील घोटाळा नव्हे. ज्या रचनेला आपण नाव दिले नाही, तिची चिकित्साही आपण फारशी केलेली नाही. मुंबईच्या जुन्या रस्त्यांविषयीच्या मराठी लेखनात कमानी, घुमट व कोरीव खांब यांची वर्णने विपुल आढळतात. खाली दुकान आणि वर बिऱ्हाड या मूळ मांडणीचा विचार मात्र क्वचितच. तो येथे थोडक्यात करावयाचा आहे.

इंग्लंडातील ही ओळ वास्तुकारांच्या प्रतिभेपेक्षा कर आणि कायदा यांनी अधिक घडविली. काचेवरील कर १८४५ मध्ये, विटांवरील १८५० मध्ये आणि खिडक्यांवरील १८५१ मध्ये रद्द झाला. दुकानास मोठे तावदान आणि माडीवर पुरेसा उजेड ही त्यानंतर सामान्य व्यापाऱ्याच्या आवाक्यात आली. पुढे १८७५च्या सार्वजनिक आरोग्य कायद्याच्या आधारे रस्त्याची रुंदी व घरामागील मोकळी जागा यांविषयी उपनियम झाले, आणि ओळी अधिकच एकसारख्या दिसू लागल्या. रस्त्यालगतची जागा मोलाची, म्हणून दर्शनी भाग अरुंद आणि घर मागे खोल. दुकानाशेजारी माडीवर जाण्याचे वेगळे दार. दुकानाचे तावदान सामान्यतः थेट पदपथावर येते आणि वाटसरू उघड्यावरच चालतो.

मुंबईत हा शेवटचा विशेष टिकणे शक्य नव्हते. १८६०च्या दशकात कोटाच्या भिंती पाडण्यात आल्या. त्या सुमारास आरंभ होऊन १८७२ मध्ये पूर्ण झालेल्या एल्फिन्स्टन सर्कलमध्ये, म्हणजे आजच्या हॉर्निमन सर्कलमध्ये, अनेक इमारतींना मिळून एकच दर्शनी रूप आणि खाली एकच कमानदार वाट लाभली. हॉर्नबी रोडवर, आजच्या दादाभाई नौरोजी मार्गावर, १८९६च्या नियमांनी प्रत्येक इमारतीस तळमजल्यावर अशी झाकलेली वाट ठेवणे भाग पाडले. तेथे वर बिऱ्हाडांपेक्षा कचेऱ्याच अधिक, आणि इमारतींच्या शैलीही भिन्न. तरी रस्ता एकसंध वाटतो तो या वाटेमुळे. ही वाट म्हणजे निव्वळ अलंकार नव्हे. कोकणातील घरापुढे जी पडवी असते, तिचेच हे नागर रूप होय: छप्पर मालकाचे, सावली येणाऱ्याजाणाऱ्याची. कोकणच्या पावसाने विलायती ओळीत घडविलेली ही दुरुस्ती आहे, आणि माझ्या मते मूळ नमुन्यापेक्षा ती सरस आहे.

तथापि या रचनेचा केवळ गौरव करून थांबणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. ज्या १८९६ साली हा नियम झाला, त्याच वर्षी मुंबईत प्लेग शिरला. त्याने मांडवीसारख्या वस्तीतील कोंदट खोल्यांची स्थिती उघडी पाडली, आणि १८९८ मध्ये शहर सुधारणेसाठी स्वतंत्र विश्वस्त मंडळ नेमावे लागले. कोटातील नव्या रस्त्याचा दर्शनी भाग नियमाने बांधला गेला. दुकानांमागच्या व माडीवरच्या बिऱ्हाडांतील हवा-उजेडाची चिंता तितक्या तत्परतेने झाली नव्हती. नियमाने वाटसरू पाहिला, भाडेकरू पाहिला नाही.

कळंबोलीत नेमके याच्या उलट घडले आहे. १९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडकोने नव्या मुंबईतील वसाहतींची आखणी केली, तीत खोलीला खिडकी आणि इमारतीभोवती मोकळी जागा या गोष्टी गृहीत धरल्या होत्या. खाली गाळे व वर बिऱ्हाडे ही जुनी मांडणी येथील अनेक इमारतींत दिसते. परंतु गाळ्यापुढची मोकळी जागा ही सर्वांच्या वाटेची आहे, हे इमारतीची रचनाच सांगत नाही. ते फक्त नकाशावर राहते. मग तेथे आधी पायरी येते, नंतर पत्र्याचे छप्पर, शेवटी माल. लोखंड बाजाराची अवजड वाहने ज्या गावातून जातात, तेथे शाळकरी मुलास रस्त्यावर उतरावे लागते. दोष केवळ दुकानदाराच्या लोभाचा नाही. दगडी खांबांनी जी मर्यादा डोळ्यांना दाखविली, ती कागदावरील रेघेला दाखविता आली नाही.

म्हणून व्हिक्टोरियन ओळीचे आजचे मूल्य तिच्या नक्षीत शोधू नये. खासगी इमारतीने सार्वजनिक वाट आपल्या अंगावर घेणे, हा तिचा मुंबईत घडलेला विशेष आहे. त्यास ‘पडवी’ हा आपला शब्द पुरेसा आहे. तो अभ्यासात रूढ झाला, तर ‘गाळ्यापुढची जागा’ आणि ‘गाळ्याची पडवी’ यांतील भेद निदान वाचकाच्या ध्यानात येईल. आणि त्या भेदावरच पायी चालणाऱ्याचा हक्क अवलंबून आहे.