पदवीस्तरावरील साहित्यसंशोधन : थेरीगाथेच्या निमित्ताने

महाराष्ट्रातील विद्यापीठांसाठी 'आविष्कार' हा संशोधन-मेळावा २००६ साली सुरू झाला. मानव्यविद्या, भाषा व ललितकला यांचा त्यात स्वतंत्र विभाग असून पदवीच्या विद्यार्थ्यांनाही स्थान आहे. अंधेरी, मुलुंड, घाटकोपर या उपनगरांतील विशीच्या आतबाहेरची मुले-मुली भित्तिपत्रक घेऊन परीक्षकांपुढे उभी राहतात. त्यांपैकी कित्येकांच्या घरी महाविद्यालयाची पायरी चढणारी ही पहिलीच पिढी. या उपक्रमाचे आम्ही मनःपूर्वक स्वागत करतो. आणि म्हणूनच 'मुलांनी लिहिले, हेच पुष्कळ' अशी दयाबुद्धी आम्हास मान्य नाही.

साहित्यविषयक निबंधाला गृहीतक, नमुना, निष्कर्ष असा विज्ञानशाखेचा अंगरखा चढविला जातो, हे खरे. कवितेचा 'नमुना' किती घेतला, असे विचारणाऱ्या परीक्षकास काय उत्तर द्यावे! परंतु मुख्य उणीव तेथे नाही. ती आहे मूळ संहितेकडे न जाण्यात.

थेरीगाथेचेच पाहा. खुद्दकनिकायातील हा ग्रंथ स्त्रीवादी वाचनाच्या दृष्टीने अलीकडे विद्यार्थिप्रिय झाला आहे. किसागोतमीवर लिहिताना मूठभर मोहऱ्यांची कथा हमखास येते आणि ती तिची 'आत्मकथा' म्हणून मांडली जाते. वस्तुतः ही कथा अट्ठकथेतील आहे. किसागोतमीच्या नावावरील अकरा गाथांत मोहरीचा उल्लेखही नाही. त्या आरंभी कल्याणमित्रतेचे महत्त्व सांगतात, पुढे सवतीचे व प्रसूतीचे दुःख सांगतात. आणि मग दोन पुत्र गेलेली, वाटेत पती मेलेला पाहणारी, माता-पिता-बंधू एकाच चितेवर जळत असलेली एक स्त्री बोलू लागते. ही हकीकत तर परंपरेने पटाचारेची! उलट पटाचारेच्या स्वतःच्या पाच गाथांत या शोकाचा शब्द नाही. तेथे पाय धुताना उतारावरून वाहणारे पाणी आहे, विहारातील दिवा आहे, सुईने खाली ओढलेली वात आहे.

असे का झाले? एकीच्या मुखी दुसरीचे दुःख कसे आले? गाथा आधी व कथा मागाहून, की संकलनात काही सरमिसळ झाली? 'आत्मकथा' हा शब्द येथे लागू पडतो काय? पदवीच्या विद्यार्थ्याला पेलेल असा हा अस्सल संशोधनप्रश्न आहे. तो केवळ अनुवादाची प्रस्तावना वाचून सुचत नाही. गाथा आणि अट्ठकथा शेजारी ठेवल्या तरच दिसतो. प्रस्तावनेवर भागविणाऱ्या विद्यार्थ्याला पारितोषिक मिळाले, तर आपण संशोधन केले असा समज घेऊन तो पदव्युत्तर वर्गात जातो. हे नुकसान लहान नव्हे.

शिवाय उपनगरांतील विद्यार्थ्यांना साधनांची वाण नाही. बोरिवलीजवळ कान्हेरीच्या लेण्यांत भिक्षुणींच्या दानांचे लेख कोरलेले आहेत. शोभना गोखले यांचा त्या शिलालेखांवरील ग्रंथ १९९१ पासून उपलब्ध आहे. घाटकोपरच्या चिरागनगरात अण्णाभाऊ साठे यांनी अनेक वर्षे काढली. १९५९ च्या 'फकिरा'वर लिहिणाऱ्यास ती वस्ती चालत जाण्याच्या अंतरावर आहे.

मार्गदर्शक प्राध्यापकांना आमची एकच सूचना. पटाचारेच्या पाच आणि किसागोतमीच्या अकरा, अशा सोळा गाथा पालीतून, शब्द लावून, एका सत्रात सहज वाचून होतात. भित्तिपत्रकाचा कागद त्यानंतर विकत आणावा.