वंशावळीच्या तक्त्यांतून क्षेत्रकार्याकडे

अभ्यासकाने एखाद्या समाजात दीर्घकाळ राहून, त्याची भाषा शिकून, त्याच्या दैनंदिन व्यवहाराचे प्रत्यक्ष निरीक्षण करण्याच्या पद्धतीला क्षेत्रकार्य म्हणतात, आणि सामाजिक मानवशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत तिचे श्रेय बहुधा ब्रॉनिस्लाव मॅलिनॉव्स्की यांच्या ट्रोब्रिअँड बेटांवरील वास्तव्याला दिले जाते. हे श्रेय निराधार नसले तरी ते अपुरे आहे. एक वर्ष किंवा त्याहून अधिक काळ चार-पाचशे माणसांच्या वस्तीत राहावे, तिथल्या प्रत्येकाला व्यक्तिशः ओळखावे आणि काम लोकांच्याच बोलीतून करावे, हा दंडक डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स यांनी 1913 मध्येच, म्हणजे मॅलिनॉव्स्की ट्रोब्रिअँडला पोहोचण्यापूर्वी, लेखी मांडला होता.

रिव्हर्स हे मूळचे वैद्य आणि प्रायोगिक मानसशास्त्रज्ञ. आल्फ्रेड हॅडन यांच्या नेतृत्वाखालील केंब्रिजच्या मोहिमेबरोबर ते 1898 मध्ये ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनी यांच्यामधील टॉरेस सामुद्रधुनीत गेले, ते रहिवाशांची दृष्टी आणि इतर संवेदना तपासण्यासाठी. अशी वैशिष्ट्ये घराण्यांतून उतरतात का, हे पाहण्याकरिता त्यांनी वंशावळी टिपायला सुरुवात केली, आणि या दुय्यम साधनातूनच ‘वंशावळ पद्धती’ उभी राहिली. पिता, माता, अपत्य, पती आणि पत्नी एवढ्या पाचच नात्यांच्या आधारे प्रश्न विचारून पिढ्यांचा तक्ता तयार करायचा आणि मग त्यातील प्रत्येक व्यक्तीला निवेदक, म्हणजे माहिती देणारा माणूस, कोणत्या नात्याने हाक मारतो हे नोंदवायचे, अशी ही रीत होती. लग्नाचे नियम किंवा वारसाहक्क यांविषयी अमूर्त प्रश्न विचारले की उत्तरे संदिग्ध येत. नावानिशी उभ्या असलेल्या माणसांबद्दल विचारले की तीच माहिती नेमकी मिळे, शिवाय दुसऱ्या निवेदकाकडून ती पडताळता येई. प्रवाशांच्या आणि मिशनऱ्यांच्या वृत्तांतांवर विसंबून घरबसल्या सिद्धान्त रचण्याच्या काळात पुराव्याची ही शिस्त खरोखर नवी होती.

तिची कसोटी लागली ती निलगिरीत. जेमतेम आठशे लोकसंख्येच्या तोडा या म्हशी पाळणाऱ्या समाजात रिव्हर्स यांनी 1901-02 मध्ये काही महिने काम केले आणि ‘द तोडाज’ हा ग्रंथ 1906 मध्ये प्रसिद्ध केला. तोडांत अनेक भावांची मिळून एक पत्नी असण्याची, म्हणजे भ्रातृक बहुपतित्वाची, चाल होती, आणि गर्भवतीला विधिपूर्वक धनुष्य देणारा पुरुष अपत्याचा पिता मानला जाई. जन्मदाता कोण, हा प्रश्न तिथे गौण होता, आणि रिव्हर्स यांचे तक्ते हे पितृत्व जसे समाज मानतो तसेच नोंदवतात. ग्रंथाची दुसरी बाजू मात्र अस्वस्थ करणारी आहे. काम दुभाष्यांकरवी चालले होते, आणि दुग्धालयांतील पवित्र विधींची माहिती सांगणाऱ्या काहींवर पुढे संकटे ओढवली तेव्हा तोडांनी त्याचा संबंध गुपिते फोडण्याशी जोडला. रिव्हर्स यांनी हे प्रामाणिकपणे नोंदवले, पण माहिती घेणाऱ्याच्या जबाबदारीचा प्रश्न तिथेच सोडून दिला.

दंडक घालून देणाऱ्याने तो स्वतः पाळला का, याचे उत्तर बरेचसे नकारार्थी आहे. 1908 मध्ये ए. एम. होकार्ट यांच्यासह सॉलोमन बेटांवर केलेले काम त्या आदर्शाच्या जवळ जाते, परंतु 1914 च्या ‘मेलानेशियन समाजाचा इतिहास’ या द्विखंडात्मक ग्रंथाची पुष्कळशी सामग्री मिशनच्या जहाजावरून बेटाबेटाला दिलेल्या धावत्या भेटींत जमा झाली, आणि तिच्यावर त्यांनी प्राचीन स्थलांतरांचा जो अनुमानाधिष्ठित डोलारा रचला तो टिकला नाही.

मराठी वाचकाच्या दृष्टीने येथे एक दुवा महत्त्वाचा आहे. गोविंद सदाशिव घुर्ये केंब्रिजला रिव्हर्स यांच्या मार्गदर्शनाखाली शिकले; 1922 मध्ये रिव्हर्स अकस्मात वारले आणि घुर्ये यांचे काम हॅडन यांच्याकडे पूर्ण झाले. मुंबई विद्यापीठात घुर्ये यांनी पुढे जे समाजशास्त्र रुजवले ते मुख्यतः ग्रंथाधारित आणि ऐतिहासिक होते. म्हणजे गुरूचा इतिहासाचा ओढा त्यांच्याकडे आला, दीर्घ मुक्कामाचा आग्रह तितकासा नाही. ती उणीव त्यांचे विद्यार्थी एम. एन. श्रीनिवास यांनी 1948 मध्ये म्हैसूरजवळच्या एका खेड्यात राहून भरून काढली, पण तोपर्यंत ते ऑक्सफर्डमार्गे आले होते. इरावती कर्वे यांचा 1953 चा भारतीय आप्तसंबंधांवरील ग्रंथ निराळ्या वाटेने जातो: निरनिराळ्या प्रदेशांतील आप्तसंज्ञा आणि विवाहनियम शेजारी ठेवून त्या महाराष्ट्राला उत्तर आणि दक्षिण यांच्यामधल्या पट्ट्यात बसवतात. मामाच्या मुलीशी लग्न अनेक जातींत मान्य असलेल्या या प्रदेशात नात्याची नावे आणि लग्नाचे नियम एकत्र वाचण्याची रिव्हर्सप्रणीत दृष्टी किती फलदायी ठरते, हे त्यातून दिसते.

1984 मध्ये डेव्हिड श्नायडर यांनी आक्षेप घेतला की वंशावळ हे सर्वत्र लागू पडणारे मोजमाप नसून युरोपीय रक्तसंबंधकल्पनेचेच प्रक्षेपण आहे. नवख्या संशोधकाने गावात जाऊन यांत्रिकपणे भरलेल्या तक्त्यांना हा आक्षेप पुरेपूर लागू पडतो. तोडांच्या धनुष्यविधीची नोंद करणाऱ्या रिव्हर्सना मात्र तो अर्धाच लागतो, कारण रक्त आणि नाते यांतील फट त्यांना दिसली होती. तिच्यामुळे आपले साधनच तपासून पाहावे लागेल, इथपर्यंत ते गेले नाहीत.