थीम पार्कमधील अतिथीसेवा : एक तुलनात्मक दृष्टिक्षेप

थीम पार्कमधील सेवेचा एकच साचा सर्व देशांत चालतो, हा समज पॅरिसने खोटा ठरविला. कॅलिफोर्नियातील डिस्नेलँडचा (१९५५) मद्यविक्री न करण्याचा पायंडा १९९२ मध्ये तेथे जसाच्या तसा नेण्यात आला. जेवणासोबत वाइन घेणाऱ्या फ्रेंच पाहुण्यांसाठी तो १९९३ मध्ये मोडावा लागला. खोपोलीच्या इमॅजिकाने (२०१३) 'मिस्टर इंडिया' चित्रपटावर खेळ बेतून देशी आशय स्वीकारला. तथापि आशय देशी झाल्याने सेवा देशी होत नाही. मराठी कुटुंबासोबत आजी-आजोबाही येतात. खेळात न बसणाऱ्या या पाहुण्यांना सावली, बैठक आणि आस्थेची विचारपूस लाभते का, हीच सेवेची खरी कसोटी होय. पिरंगुट-मुळशी परिसरातील पर्यटन व्यावसायिकांनीही परदेशी नमुना याच कसोटीवर पारखून घेणे अगत्याचे ठरते.