मराठीचा संगणकीय मजकूर आणि दृष्टिबाधित विद्यार्थी : एक चिकित्सा

प्रस्तावना

विशेष गरजा असलेल्या विद्यार्थ्यांच्या शिक्षणात संगणकाचे साहाय्य कसे घ्यावे, या विषयावर महाविद्यालयीन चर्चासत्रांतून पुष्कळ निबंध वाचले गेले आहेत. त्यांचा आराखडा बहुधा ठरलेला असतो. आरंभी कायद्याचा उल्लेख, मग साधनांची यादी, त्यानंतर त्या साधनांनी घडविलेल्या क्रांतीचे वर्णन आणि अखेरीस शासनाने ती ग्रामीण भागात पुरवावीत ही अपेक्षा. या लेखनामागील तळमळ खरी आहे. परंतु साधन हाती आल्यावर विद्यार्थ्याने त्यावर वाचायचे काय, हा प्रश्न त्यात सहसा विचारला जात नाही. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, मराठी माध्यमातून शिकणाऱ्या दृष्टिबाधित विद्यार्थ्यापुढील आजची मोठी अडचण यंत्रापेक्षा मजकुराची आहे, आणि या मजकुराचा मोठा भाग आपण प्राध्यापकच निर्माण करतो.

विवेचन दृष्टिबाधित विद्यार्थ्यांपुरते मर्यादित ठेवले आहे. श्रवणदोष, अध्ययन-अक्षमता यांचे प्रश्न वेगळे आहेत, आणि सर्वांना एका परिच्छेदात बसविण्याच्या प्रथेने कोणाचेच भले झालेले नाही.

साधनाची उपलब्धता

स्क्रीन रीडर म्हणजे पडद्यावरील मजकूर आवाजात किंवा ब्रेलमध्ये रूपांतरित करणारी आज्ञावली. १९८९ मध्ये डॉससाठी आलेले आणि पुढे विंडोजवर रूढ झालेले ‘जॉज’ हे या क्षेत्रातील प्रसिद्ध नाव. परंतु त्याची किंमत सामान्य विद्यार्थ्याच्या आवाक्याबाहेरची होती. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातील मायकेल करन या अंध तरुणाने ‘एनव्हीडीए’ ही विनामूल्य व मुक्तस्रोत आज्ञावली लिहावयास घेतली. जेम्स तेह हा दुसरा अंध अभियंता त्याला येऊन मिळाला. तिच्यासोबत येणाऱ्या ‘ई-स्पीक एनजी’ या ध्वनियंत्रणेत मराठीचा आवाज आहे. अँड्रॉइड भ्रमणध्वनीतील ‘टॉकबॅक’साठीही मराठी आवाज उपलब्ध आहे. म्हणजे रिसोड वा मानोरा येथील बी.ए.च्या विद्यार्थ्याजवळ साधा संगणक किंवा भ्रमणध्वनी असेल, तर वाचनाचे साधन त्याला एकही रुपया न देता मिळू शकते. ‘साधने महाग आहेत’ हे विधान ब्रेल-पट्टीबाबत आजही खरे आहे. आवाजी वाचनाबाबत ते कालबाह्य झाले आहे.

सकळ लिपी आणि कृतिदेव

आता या विद्यार्थ्याला त्याच्या विभागाने टिपणे पाठविली, असे समजू. टिपणे ‘कृतिदेव’मध्ये टंकलिखित आहेत. डोळस वाचकाला पडद्यावर ‘मराठी’ हा शब्द स्वच्छ दिसतो. संगणकाच्या स्मृतीत मात्र तेथे म, र, काना, ठ, दीर्घ ईकार यांपैकी काहीही नसते. तेथे ई, जे, के, बी, एच ही पाच रोमन अक्षरे असतात आणि त्यांना देवनागरीचा केवळ पोशाख चढविलेला असतो. स्क्रीन रीडर पोशाख पाहत नाही. स्मृतीतील अक्षर वाचतो. त्यामुळे विद्यार्थ्याच्या कानी पडतो तो रोमन अक्षरांचा निरर्थक गलबला. ‘श्रीलिपी’, ‘आकृती’, ‘डीव्हीबी-टीटी योगेश’ आदी जुन्या टंकांत संकेत निरनिराळे असतात, परिणाम तोच.

मराठीच्या अभ्यासकाला येथे महानुभावांच्या सकळ लिपीचे स्मरण व्हावे. त्या पंथाने आपले ग्रंथ सांकेतिक लिपीत बंदिस्त केले. एका अक्षराच्या जागी दुसरे योजले. ज्याच्याजवळ किल्ली नाही, त्याच्यासाठी ग्रंथ मुका. इतिहासाचार्य राजवाडे यांनी ती किल्ली उलगडल्यावर मराठी गद्याचा आरंभकाळ अभ्यासकांसमोर आला. मात्र महानुभावांचा संकेत हेतुपुरस्सर होता. पवित्र वचनांचे रक्षण हा त्यामागील विचार होता. आपल्या टंकांनी तीच बंदी घातली, ती कोणताही हेतू नसताना.

हे घडले कसे, हेही न्यायाने पाहिले पाहिजे. भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ ही प्रमाण संकेतप्रणाली १९८८ पासून होती, आणि १९९१ च्या युनिकोडमध्ये तिच्याच आधारे देवनागरीला स्थान मिळाले. परंतु त्या काळी संगणकावर मराठी टंकलिखित करण्याचा हेतू एकच होता : कागदावर छापणे. कागदावर उमटलेले अक्षर आत कोणत्या संकेताने साठवले आहे, याची चौकशी करण्याचे कारण छापखान्याला नव्हते. ज्या पेजमेकरवर मराठी ग्रंथव्यवहार उभा राहिला, त्याची २००१ ची अखेरची आवृत्तीही युनिकोड जाणत नव्हती. त्यानंतर आलेल्या इनडिझाइनमध्ये भारतीय लिप्यांची नीट जुळणी होऊ लागली ती २०१२ च्या आवृत्तीपासून. तेव्हा अक्षरजुळणी करणाऱ्या कारागिराला दोष देणे अन्यायाचे होईल. दोष द्यायचा तर तो आजही ‘शोधनिबंध कृतिदेवमध्येच पाठवावा’ असे निवेदन छापणाऱ्या संपादक मंडळांना, आणि ते निमूटपणे पाळणाऱ्या लेखकांना दिला पाहिजे.

जुन्या ग्रंथांच्या छायाप्रतींचा प्रश्न याहून सोपा आहे. पीडीएफमध्ये केवळ पृष्ठांची चित्रे असली तर स्क्रीन रीडर गप्प बसतो. मात्र अक्षर-अभिज्ञानाच्या आज्ञावल्या आता मराठी बऱ्यापैकी ओळखतात, आणि ‘टेसरॅक्ट’सारखी आज्ञावली तर विनामूल्य आहे. गंमत अशी की, कृतिदेवमधील पीडीएफचेही अनेकदा आधी चित्र करावे लागते आणि मग त्या चित्रातून अक्षरे ओळखून घ्यावी लागतात. संगणकावर टंकलिखित केलेला मजकूर संगणकालाच पुन्हा डोळ्यांनी वाचावयास लावण्याचा हा प्रकार आहे.

ऐकणे आणि वाचणे

यावर एक उत्तर नेहमी दिले जाते : अंध विद्यार्थ्यांसाठी ध्वनिमुद्रित पुस्तके आहेत, ती पुरेशी आहेत. साहित्याच्या अध्यापकाने हे उत्तर मान्य करू नये असे वाटते. ध्वनिमुद्रित पुस्तक हे दुसऱ्या कोणाचे तरी वाचन असते. कोठे थांबायचे, कोणत्या शब्दावर जोर द्यायचा, उपरोध आहे की नाही, हे निवेदकाने आधीच ठरवून टाकलेले असते. स्क्रीन रीडरचा सपाट आवाज डोळस श्रोत्याला रुक्ष वाटतो. परंतु त्याच सपाटपणामुळे अर्थनिर्णयाचा अधिकार वाचकाकडे राहतो. तो मागे जाऊ शकतो, एखादे वाक्य दहा वेळा ऐकू शकतो, शब्दाशी थांबून तो अक्षरागणिक तपासू शकतो.

शुद्धलेखनाची बाब तर याहून महत्त्वाची. ‘दिन’ आणि ‘दीन’ यांतील भेद बोलताना बहुधा पुसला जातो. केवळ कानावर शिकलेला विद्यार्थी तो भेद कोठून जाणणार? ब्रेलमध्ये ऱ्हस्व व दीर्घ वेलांटीची चिन्हे स्वतंत्र आहेत. युनिकोड मजकूर ब्रेल-पट्टीवर उतरविला की भेद बोटाला कळतो. पदवीच्या परीक्षेत शुद्धलेखनाचे गुण कापणाऱ्या व्यवस्थेने त्या विद्यार्थ्याला लिखित मराठी कधी दाखविली होती काय, असा प्रश्न येथे उपस्थित होतो.

विदर्भाला या प्रश्नाचा जुना परिचय असावयास हवा. अमरावती जिल्ह्यातील प्रज्ञाचक्षू गुलाबराव महाराज (१८८१–१९१५) यांची दृष्टी बालपणीच गेली होती. त्यांनी इतरांकडून ग्रंथ वाचवून घेतले आणि सांगून शंभराहून अधिक रचना लिहविल्या. त्यांच्या प्रज्ञेचा गौरव करताना एक गोष्ट दुर्लक्षित राहते : त्यांचे वाचन दुसऱ्याच्या सवडीवर अवलंबून होते. आज वर्गमित्राने टिपणे वाचून दाखवावीत म्हणून थांबून राहणारा विद्यार्थी त्याच स्थितीत आहे, आणि त्याच्याकडून कोणी असामान्य प्रज्ञेची अपेक्षा धरू नये. राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह ज्या वत्सगुल्म नगरीत लावला, ते वत्सगुल्म म्हणजे आजचे वाशीम. या नगरीचा गौरव आपण चर्चासत्रांच्या उद्घाटनात न चुकता करतो.

यंत्राच्या मर्यादाही नोंदविल्या पाहिजेत. मराठी आवाजाची निवड केलेली नसेल आणि हिंदी आवाज मराठी मजकूर वाचू लागला, तर ‘ज्ञानेश्वरी’ची ‘ग्यानेश्वरी’ होते. मराठी आवाजापुढेही ‘च’ आणि ‘ज’ यांच्या दुहेरी उच्चारांची अडचण आहेच : ‘जरा’ म्हणजे थोडे की वार्धक्य, हे लेखनावरून ठरत नाही. सरावलेला श्रोता संदर्भाने ते ओळखतो. या त्रुटी सुसह्य आहेत. रोमन गलबला सुसह्य नाही.

कायदा आणि महाविद्यालय

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ अन्वये शासकीय व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान ५ टक्के जागा राखीव आहेत. याच अधिनियमाचे कलम ४२ मुद्रित व इलेक्ट्रॉनिक आशय सुगम स्वरूपात असावा यासाठी शासनावर कर्तव्य सोपविते. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेचे निकष केवळ मार्गदर्शक ठेवणारा नियम मूळ अधिनियमाशी विसंगत ठरविला आणि बंधनकारक निकष करण्याचे निर्देश दिले. स्वामित्वहक्काची सबबही उरलेली नाही : २०१२ च्या दुरुस्तीने दिव्यांगांसाठी सुगम प्रत तयार करण्यास मुभा दिली, आणि मराकेश कराराला २०१४ मध्ये सर्वप्रथम अनुसमर्थन देणारा देश भारतच होता. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाने २००३ मध्येच दृष्टिबाधितांसाठी संसाधन केंद्र उभारले. २०१६ पासून ‘सुगम्य पुस्तकालय’ हे संगणकीय ग्रंथालय आहे. वाशीमसारख्या जिल्ह्यात तसे केंद्र उभे राहण्याची वाट पाहावी, असे प्रस्तुत लेखकाला वाटत नाही. कारण येथील विद्यार्थ्याला प्रथम हव्या आहेत त्या त्याच्याच विभागाच्या टिपणी, त्याच्याच विद्यापीठाच्या जुन्या प्रश्नपत्रिका. त्या कोणतेही राष्ट्रीय ग्रंथालय पुरविणार नाही.

परीक्षेबाबत आपण लेखनिक आणि तासाला किमान २० मिनिटांचा वाढीव वेळ यांवर समाधान मानतो. संगणकावर उत्तरे लिहिण्याची तरतूदही मार्गदर्शक सूचनांत आहे. तिचा विचार क्वचित होतो. इन्स्क्रिप्ट कळफलक येथे विशेष सोयीचा आहे. ‘क’च्याच कळीवर शिफ्टसह ‘ख’, ‘ग’च्या कळीवर ‘घ’, ‘प’च्या कळीवर ‘फ’, अशी त्याची वर्णमालेला अनुसरणारी मांडणी न पाहता लक्षात राहते. पहिल्या वर्षी हा कळफलक शिकविला, तर तिसऱ्या वर्षी विद्यार्थी स्वतःचे उत्तर स्वतः लिहू शकेल. लेखनिकाच्या शुद्धलेखनावर त्याचे गुण ठरणार नाहीत.

प्रकाशनाच्या बाजूने अपेक्षा अल्प आहेत. निबंध युनिकोडमध्ये मागवावा. शीर्षके केवळ ठळक न करता शीर्षक-शैलीत द्यावीत, म्हणजे स्क्रीन रीडरला एका शीर्षकावरून दुसऱ्यावर जाता येते. पीडीएफसोबत मूळ वर्ड फाइलही उपलब्ध ठेवावी, कारण युनिकोडमधून केलेल्या पीडीएफमध्येही ऱ्हस्व वेलांटी आणि रफार अनेकदा जागा सोडतात. मागील अंकांचे काम अधिक निकडीचे आहे. त्यांच्या पेजमेकरमधील मूळ फाइली बहुधा महाविद्यालयाकडे नसतात, अक्षरजुळणी करणाऱ्याच्या जुन्या संगणकावर असतात. त्यांतील मजकूर परिवर्तकाने युनिकोडमध्ये आणता येतो. इंग्रजी शब्द व जोडाक्षरे तेवढी हाताने तपासावी लागतात. मात्र तो संगणक भंगारात जाण्यापूर्वी फाइली मागून घ्यावयास हव्यात.