मातीखालचे प्रेत : एका अल्पखर्ची भयहास्यपटाचा रूपविचार

हास्य आणि भयानक हे परस्परविरोधी रस होत, असे 'साहित्यदर्पण'कार विश्वनाथ मानतो. विरोधी रसांचे आश्रय भिन्न ठेवल्यास हा विरोध मावळतो, असा परिहार आनंदवर्धनाने त्यापूर्वीच सुचवलेला होता. रॉजर कॉर्मनचा 'अ बकेट ऑफ ब्लड' (१९५९) हा अमेरिकी चित्रपट या परिहाराची कसोटी पाहतो. सुमारे ५० हजार डॉलर आणि पाच दिवस एवढ्यात उरकलेली ही निर्मिती सहसा स्वस्त करमणुकीत जमा होते. तिचा खरा विषय मात्र कलास्वाद हा आहे.

चार्ल्स ग्रिफिथच्या पटकथेतील वॉल्टर पेज्ली हा बीटनिक कवी-कलावंतांच्या कॅफेतला पोऱ्या. भिंतीत अडकलेले मांजर सोडवताना त्याच्या हातून सुरी लागून ते मरते. तो त्यावर माती लिंपतो आणि ते शिल्प म्हणून कॅफेत आणतो. जाणकार त्यातील वास्तवतेने भारावून जातात. दुसरा बळी भीतीच्या भरात मारलेला पोलीस. तिसरी, त्याचा अपमान करणारी मॉडेल, मात्र तो ठरवून मारतो. अपघात आणि हेतुपुरस्सर खून यांच्या मधोमध उभी आहे ती रसिकांची प्रशंसा.

प्रारंभी आश्रयभेद टिकून असतो. मातीचा पृष्ठभाग पाहून डोलणारे रसिक हास्याचा विषय ठरतात. मातीखालचे प्रेत ठाऊक असल्याने भय प्रेक्षकाच्या वाट्याला येते. कॅफेचा मालक लेनर्ड ही विभागणी मोडतो. शिल्पातून डोकावणारी मांजराची लव त्याला दिसते. पण एक संग्राहक ५०० डॉलर देऊ करतो आणि तो गप्प बसतो. जाणूनही मूक राहणारा हा माणूस वस्तुतः प्रेक्षकाचाच प्रतिनिधी आहे. आपणही सत्य जाणतो आणि तरीही पुढच्या शिल्पाची वाट पाहतो. हसणारा आणि भिणारा येथे एकच होतो.

अल्पखर्चाचा प्रश्न येथेच रूपाशी भिडतो. काटकसर हा स्वयमेव कलागुण नव्हे. शिल्पांसाठी दुकानी पुतळे वापरावे लागले. शेवटी गळफास घेतलेल्या वॉल्टरवर लेप चढवण्यास वेळ उरला नाही, केवळ राखाडी रंगावर भागवावे लागले. अभिनेता डिक मिलर याने पुढे ही खंत व्यक्तही केली. चित्रपट म्हणून ती उणीव खरीच. परंतु संहितेच्या अंतर्गत तर्कात ती अर्थपूर्ण ठरते. या एकाच 'शिल्पा'त प्रेत पुरते झाकलेले नाही. ते उघड दिसते. तरीही कॅफेतला कवी मॅक्सवेल त्याला वॉल्टरची सर्वश्रेष्ठ कृती म्हणतो.

आवरण नसतानाही आस्वाद थांबत नाही. समीक्षेला अस्वस्थ करणारे या चित्रपटाचे विधान हेच आहे: कलाकृतीच्या स्वायत्ततेचा उच्चार करताना, तिच्यासाठी काय मोजले गेले हा प्रश्न आपण न दिसल्यामुळे टाळत नाही, दिसत असूनही टाळतो.